संगणकाच्या पोटातला नवाचा ताळा

मोठा गुणाकार मांडून झाला, की जुन्या शाळांतले गुरुजी एक प्रश्न हमखास विचारीत : 'ताळा घेतला का?' संख्येतील अंकांची बेरीज करायची, ती दोन अंकी आली तर पुन्हा त्या अंकांची बेरीज करायची आणि अखेरीस जो एकच अंक उरेल, तो त्या संख्येचा ताळा. गुण्य आणि गुणक यांच्या ताळ्यांचा गुणाकार करून त्याचा ताळा उत्तराच्या ताळ्याशी जुळला नाही, तर उत्तर चुकले हे निश्चित. जुळला, तर उत्तर बहुधा बरोबर. हाती कॅल्क्युलेटर आला आणि नवाचा ताळा विस्मरणात गेला. भाषेत मात्र 'पडताळा' आणि 'ताळेबंद' हे शब्द मागे राहिले.

परंतु ताळा घेण्याची रीत नाहीशी झालेली नाही. ही ओळ आपल्या पडद्यावर उमटेपर्यंत, आपल्या यंत्रात आणि वाटेवरील अनेक यंत्रांत, असा ताळा कितीतरी वेळा घेतला गेला आहे. संगणकाच्या परिभाषेत त्याला 'चेकसम' म्हणतात. इंटरनेटवरील माहिती सलग प्रवाहासारखी जात नाही. तिचे लहान लहान तुकडे केले जातात. पॅकेट म्हणून ओळखला जाणारा हा तुकडा साधारणपणे दीड हजार बाइटांपर्यंत मोठा असतो. पाठवणारा पॅकेटमधील मजकुराचा ताळा काढून तो पॅकेटच्या शीर्षभागात लिहितो. घेणारा तो पुन्हा काढून पाहतो. जुळला नाही, तर ते पॅकेट टाकून दिले जाते आणि पोच न मिळाल्यामुळे पाठवणारा ते पुन्हा पाठवतो.

हे काम आपल्या डोळ्यांआड, ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात म्हणजे 'कर्नल'मध्ये चालते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड यांच्यावर थेट हुकमत चालवणारा प्रोग्राम तो हाच. आता प्रश्न असा, की इतकी साधी बेरीज अधिक वेगाने व्हावी म्हणून जगातील उत्तमोत्तम प्रोग्रामर गेली चार दशके का झटत आहेत? हा केवळ बुद्धीचा खेळ आहे, की त्यात आपलेही काही हित गुंतले आहे?

३७० ठोक्यांचा हिशेब

उत्तरासाठी थोडे आकडे पाहावे लागतील. मोठ्या माहिती केंद्रांतून सेकंदाला १०० गिगाबिट माहिती वाहून नेणाऱ्या जोडण्या आता सर्रास आढळतात. अशी एक जोडणी पूर्ण आकाराच्या पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला सुमारे ८१ लाख पॅकेटे येतात. म्हणजे दर १२३ नॅनोसेकंदांना एक. प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला ३ अब्ज ठोके देते असे धरले, तर एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ३७० ठोके येतात.

इंटरनेटचा चेकसम १६ बिटांच्या, म्हणजे दोन-दोन बाइटांच्या, गटांची बेरीज करतो. दीड हजार बाइटांच्या पॅकेटमध्ये असे ७५० गट असतात. ठोक्याला एक बेरीज केली, तरी ७५० ठोके लागतील. हाती आहेत ३७०, आणि त्यातच पॅकेट कोणाचे, ते कोणत्या प्रोग्रामकडे पाठवायचे, त्याची नोंद कोठे ठेवायची ही सगळी कामेही उरकायची आहेत. अर्थात, प्रत्यक्षात हा भार अनेक कोअरमध्ये वाटला जातो. पण ताळ्यासाठी खर्च झालेला प्रत्येक ठोका हा खऱ्या कामातून कापून घेतलेला असतो, हे सत्य त्यामुळे बदलत नाही.

मोठे गट, तोच ताळा

यावरचा पहिला उपाय नवाच्या ताळ्यातच दडलेला आहे. ५८२७४६३२ ही संख्या घ्या. एकेक अंक मिळवला, तर बेरीज ३७ येते. ३ आणि ७ मिळून १०, आणि १ व ० मिळून १. ताळा आला १. आता हीच संख्या चार-चार अंकांच्या दोन गटांत तोडा. ५८२७ आणि ४६३२ यांची बेरीज १०४५९. चार घरांबाहेर गेलेला डावीकडचा १ हा हातचा टाकून न देता उजवीकडे एककाच्या घरात मिळवा. येतात ४६०. त्यांच्या अंकांची बेरीज १०, आणि ताळा पुन्हा १. सात बेरजांच्या जागी एक मोठी बेरीज आणि थोडी आवराआवर, एवढ्यात काम झाले.

हे असे घडते, कारण ९ ने ९९९९ ला निःशेष भाग जातो. इंटरनेटच्या चेकसमचे गणित नेमके याच जातीचे आहे. तिथे ९ ची जागा ६५,५३५ ही संख्या घेते आणि घराबाहेर गेलेला हातचा तसाच उजवीकडे आणून मिळवला जातो. १६ बिटांऐवजी ६४ बिटांचे, म्हणजे एका वेळी आठ बाइटांचे, गट केले तरी अखेरचा ताळा तोच राहतो. ७५० बेरजा १८८ वर येतात. गटांचा क्रम बदलला तरी चालते, अधल्यामधल्या बेरजा वेगवेगळ्या करून शेवटी एकत्र केल्या तरी चालते. इतकेच नव्हे, तर बाइट डावीकडून उजवीकडे मांडणारे संगणक आणि उलट मांडणारे संगणक यांच्यातील जुना भेदही इथे आड येत नाही.

इंटरनेटचे पायाभूत नियम 'आरएफसी' या नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत नोंदलेले असतात. रॉबर्ट ब्रेडन, डेव्हिड बोर्मन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी सप्टेंबर १९८८ मध्ये लिहिलेल्या १०७१ व्या दस्तऐवजात या साऱ्या युक्त्या एकत्र मांडलेल्या आहेत. आजच्या कर्नलमधील चेकसमचा कोणताही भाग उघडून पाहिला, तर त्याच युक्त्यांचा विस्तार दिसतो.

हातच्याची वाट पाहताना

मात्र मोठे गट केले, तरी एक अडचण उरते. आधीच्या बेरजेचा हातचा हाती आल्याशिवाय पुढची बेरीज पुरी होत नाही. आजचा प्रोसेसर एकाच ठोक्यात अनेक कामे करू शकतो, पण ती एकमेकांवर अवलंबून नसतील तरच. हातच्याची साखळी लांबली, की हा बलदंड प्रोसेसर रांगेत ताटकळत उभा राहतो.

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांसाठी लिहिलेल्या बेरजेच्या भागावर अलीकडे जे काम झाले, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एरिक ड्युमाझे या प्रोग्रामरने तो भाग नव्याने लिहिला. निमित्त होते ४० बाइटांचे. इंटरनेट पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे 'आयपीव्ही६'मध्ये, पॅकेटचा शीर्षभाग बरोबर ४० बाइटांचा असतो. अनेक आधुनिक नेटवर्क कार्डे आलेल्या सबंध पॅकेटची बेरीज स्वतःच करून कर्नलच्या हाती देतात. त्या बेरजेतून शीर्षभागाचा वाटा वजा करणे एवढेच कर्नलकडे उरते. मोठी बेरीज कार्डाकडे गेली खरी, पण ४० बाइटांची ही लहान बेरीज प्रत्येक पॅकेटमागे करावी लागू लागली. जुना कोड लांबलचक मजकूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला होता. पत्ता सम आहे की विषम, आधी दोन बाइट वेगळे काढावेत का, शेवटी किती उरले, या चौकशांतच त्याचे बरेच ठोके जात. आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत मोडतो. तेव्हा आपल्या मोबाइलशी बोलणारे सर्व्हर ही ४० बाइटांची बेरीज किती वेळा करत असतील, याची कल्पना करता येईल.

२०२३-२४ मध्ये या कामाची पुढची पायरी गाठली गेली. ४० बाइट म्हणजे आठ बाइटांचे पाच गट. तेवढ्यासाठी फेऱ्या मोजत बसण्याऐवजी पाच बेरजा सरळ एकापाठोपाठ लिहिल्या गेल्या. विषम पत्त्यासाठी ठेवलेली खास तपासणी काढून टाकण्यात आली, कारण क्वचित होणाऱ्या लाभापेक्षा दर वेळी ती चौकशी करण्याचाच खर्च अधिक होता. मग लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः त्यात हात घातला. त्यांनी ४० बाइटांची ती बेरीज एक घटक मानली आणि लांब मजकुरासाठी असे दोन घटक शेजारी शेजारी ठेवून ८० बाइटांचा घास केला. प्रत्येक घटकाच्या हातच्याची साखळी स्वतंत्र असल्यामुळे एक वाट पाहत असताना प्रोसेसर दुसरीचे काम पुढे नेऊ शकतो. कोट्यवधी यंत्रांचा भार वाहणाऱ्या प्रणालीचा कर्ता पाच बेरजांच्या मांडणीवर वेळ घालवतो, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. जी गोष्ट सेकंदाला लाखो वेळा घडते, तीत दोन ठोके वाचवणे ही मोठीच बचत असते.

न करण्यातला शहाणपणा

वेग वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे काम टाळणे. नेटवर्ककडून आलेला मजकूर कर्नलला पुष्कळदा मेमरीच्या एका भागातून दुसऱ्या भागात उतरवावा लागतो. त्यासाठी प्रत्येक बाइट वाचावा लागतोच. मग उतरवता उतरवताच बेरीजही केली, तर तोच मजकूर दुसऱ्यांदा वाचण्याचे श्रम वाचतात. मेमरीपर्यंतची खेप ही बेरजेपेक्षा कितीतरी महाग असल्याने ही युक्ती वर्षानुवर्षे उपयोगी पडत आली आहे.

तिसरा मार्ग त्याहून चतुर आहे. जुन्या, चौथ्या आवृत्तीतील प्रत्येक पॅकेटवर उरलेल्या टप्प्यांची संख्या लिहिलेली असते आणि वाटेतला प्रत्येक राउटर ती एकाने कमी करतो. शीर्षभागातला एक आकडा बदलला, म्हणून त्याचा ताळाही बदलणार. पण सगळी बेरीज पुन्हा कशाला करायची? खतावणीतील एक रक्कम एक रुपयाने कमी झाली, तर कारकून सबंध पान पुन्हा बेरजेला घेत नाही. एकूण बेरजेतून एक रुपया वजा करतो. राउटर तेच करतात.

या सोप्या वाटणाऱ्या वाटेत एक खड्डा होता. नवाच्या ताळ्यात ० आणि ९ यांच्यात भेद राहत नाही. ९ टाकले तरी बाकी तीच. चेकसमच्या गणितातही शून्याची अशी दोन रूपे आहेत, सर्व बिट शून्य आणि सर्व बिट एक. जानेवारी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११४१ व्या दस्तऐवजातील सूत्र विशिष्ट प्रसंगी एका रूपाच्या जागी दुसरे देत असे. मजकूर निर्दोष, पण ताळा चुकलेला, असा प्रसंग त्यातून उद्भवे. मे १९९४ मधील १६२४ व्या दस्तऐवजाने ही चूक दाखवून सूत्र दुरुस्त केले. घाईची वाट शोधताना शून्याकडे दुर्लक्ष झाले, तर काय होते याचा हा धडा आहे.

ताळाच नको म्हटले तर?

काम टाळण्याचे टोक म्हणजे ताळा घेणेच बंद करणे. हेही घडून गेले आहे. यूडीपी या संदेशपद्धतीत, पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीपुरता, चेकसम ऐच्छिक होता. १९८० च्या दशकातल्या यंत्रांवर तो महाग पडे. म्हणून एकाच इमारतीतल्या नेटवर्कवर चालणाऱ्या काही प्रोग्रामांनी तो वेगासाठी बंद ठेवला. तारेवर चुका होतात कुठे, असा त्यामागचा विचार होता. ऑक्टोबर १९८९ च्या ११२२ व्या दस्तऐवजाने त्याचा परिणाम नोंदवून ठेवला आहे : कोणाच्या लक्षात न आलेल्या चुकांची असंख्य उदाहरणे पुढे आली. त्यामुळे त्याच दस्तऐवजाने दंडक घातला, की कोणी मुद्दाम बंद केला नाही, तर चेकसम चालूच असला पाहिजे.

तारेवर चुका होत नाहीत, हा समज सर्वस्वी चुकीचा नव्हता. प्रत्येक जोडणीवर 'सीआरसी' नावाची वेगळी, अधिक कडक तपासणी असतेच. पण चूक तारेबाहेर झाली तर? जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष वाहतुकीच्या नोंदी तपासल्या. १,१०० पॅकेटांमागे एक ते ३२,००० पॅकेटांमागे एक, या प्रमाणात पॅकेटांचा टीसीपी चेकसम जुळत नव्हता, आणि तेही ज्या जोडण्यांवर सीआरसीने चार अब्जांत एखादीच चूक निसटू द्यावी अशा ठिकाणी. दोष होता तो राउटरची मेमरी, संगणकातील यंत्रभाग आणि प्रोग्राममधील चुका यांचा. वेशीवर पहारा चोख होता, पण वाटमारी गावातच चालली होती.

म्हणूनच ताळा नेटवर्क कार्डाकडे सोपवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कार्डाने ताळा तपासला आणि त्यानंतर कार्डापासून मेमरीपर्यंतच्या प्रवासात मजकूर बिघडला, तर ते कोणालाच कळणार नाही. तपासणी जितकी मजकुराच्या अंतिम मुक्कामाजवळ, तितकी ती खरी.

बेरजेकडून बाकीकडे

नवाच्या ताळ्याचे आणखी एक वैगुण्य सर्वांना ठाऊक आहे. ५४ च्या जागी ४५ लिहिले, तर ताळा तोच येतो. इंटरनेटच्या चेकसमलाही अदलाबदल कळत नाही. वर्षानुवर्षे डिस्कवर पडून राहणाऱ्या मजकुरासाठी एवढा राखणदार पुरत नाही. तिथे सीआरसी वापरतात. त्यात बेरजेऐवजी विशिष्ट प्रकारचा भागाकार करून बाकी जपून ठेवली जाते आणि ही बाकी क्रमालाही दाद देते. लिनक्समध्ये मार्च २००९ मध्ये दाखल झालेली 'बीटीआरएफएस' ही फाइल व्यवस्था आपल्या मजकुराची अशी बाकी ठेवते. जुलै २०१२ पासून 'एक्स्ट४' या सर्वत्र रुळलेल्या व्यवस्थेतही फाइलींच्या अंतर्गत नोंदींसाठी ही सोय झाली.

भागाकार बेरजेपेक्षा महाग. १९८८ साली दिलीप सरवटे यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातील तक्त्याच्या पद्धतीने तो एका वेळी एक बाइट या गतीने होऊ लागला. २००८ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांत सीआरसीच्या एका प्रकारासाठी स्वतंत्र आज्ञाच आली आणि एका फटक्यात आठ बाइट गिळता येऊ लागले. इथेही जुनीच अडचण समोर आली. प्रत्येक बाकी मागच्या बाकीची वाट पाहते. मग कर्नलच्या कोडमध्ये मजकुराचे तीन भाग करून तिन्हींचे भागाकार एकाच वेळी चालवण्यात आले आणि शेवटी बाक्या जुळवण्यात आल्या. हातच्याची साखळी तोडण्याचा हा तोच विचार होता.

स्वस्त ताळा टिकतो

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. २० जुलै २००८ रोजी अमेझॉनची 'एस३' ही माहिती साठवण्याची सेवा कित्येक तास बंद पडली. कंपनीनेच नंतर कारण जाहीर केले. सर्व्हर परस्परांना आपापल्या स्थितीविषयी जे संदेश पाठवत, त्यांतील मोजक्या संदेशांतला एकेक बिट बिघडला होता. संदेश वाचता येत होते, पण त्यांतली माहिती खोटी होती आणि ती कर्णोपकर्णी सगळीकडे पसरली. ग्राहकांच्या मजकुराला ताळ्याचे संरक्षण होते. या अंतर्गत निरोपांना मात्र ते दिलेले नव्हते.

१९८९ चा अनुभव आणि २००८ ची ही घटना एकत्र पाहिल्या, की कर्नलमधील या खटाटोपाचा अर्थ लागतो. बिघडलेला मजकूर ओरडून सांगत नाही. बँकेच्या नोंदीतला एक अंक, क्ष-किरण चित्रातला एक ठिपका, छायाचित्राचा एक कोपरा मुकाट्याने बदलतो आणि बदललेलाच पुढे खरा म्हणून वापरला जातो. त्याला अडवणारा ताळा महाग असेल, तर तो कोणीतरी कधीतरी बंद करतोच, आणि करणाऱ्याला त्या क्षणी आपण शहाणपणाच करत आहोत असे वाटते. ताळा इतका स्वस्त करून ठेवावा, की तो बंद करण्याचा मोहच कोणाला होऊ नये. पाच बेरजांची मांडणी तासन्तास घोटणारे प्रोग्रामर वेगाच्या मागे लागलेले दिसतात, पण त्यांच्या हातून राखला जातो तो विश्वास.

गुरुजींचा प्रश्न जुना झाला नाही. उत्तर देण्यासाठी मिळणारा वेळ तेवढा कमी झाला आहे.